मामेसासऱ्यांचा अर्धविराम

माझ्या मामेसासऱ्यांएवढा संशयी माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. महाराष्ट्र नवा होता, मी मोताळ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो, आणि मामा तहसीलीसमोर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. दूधवाल्यावर, पोस्टमनवर, स्वतःच्या चष्म्यावरही त्यांचा संशय असे; पण खरा दावा अर्धविरामाशी. "थांबाचं त थांब, नाहीत चाल. हे अर्धं थांबणं काऊन पाह्यजे, जवाईबापू? दोन वाक्यं जोडले का खऱ्याचं बोट धरून खोटं आत शिरते."

म्हणून ते प्रत्येक वाक्य सुटं करून विचारत, आणि पक्षकार "हाव" म्हणाला तरच टिंब देत. एकदा एकानं सांगितलं, मी आजारी होतो आणि तारखेला आलो नाही. मामांनी विचारलं, "आजारी होता?" "हाव." "मंग त्या दिवशी कोठी होता?" "बैल पाह्याले बजारात." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो बैल मीच विकला होता.

त्यांच्या शांताला दुसरबीडचं स्थळ आलं. शांताच्या मनात ते भरलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिकडून पत्र आलं: 'मुलगी पसंत आहे; लग्नाचे दिवाळीनंतर पाहू.' मामांनी ते उन्हात धरून पाहिलं. "पसंत आहे त थांबून काऊन राह्यले? मधी कायतरी दडवलं." मी खूप समजावलं. दुसऱ्या दिवशी मामा दोन एसट्या बदलून दुसरबीडला, आणि सोबत ओढला गेलो मी. मुलीच्या बापानं व्याह्याच्या ओसरीवर, चार पाहुण्यांसमोर, उलटतपासणी घेतलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पहिल्या वाक्याला व्याही "हो" म्हणाले. दुसऱ्याला त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे.

"आमची माय जाऊन वर्ष झालं नाही," ते म्हणाले. "शुभकामाच्या कागदात मयताचं कसं लिहावं?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "इतकं तपासूनच लेक द्यायची असंल, तर राहू द्या."

घरी आल्यावर शांतानं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मेलेल्या मायचं त्याईले तुमी चारचौघात बोलाले लावलं?" एवढंच विचारून ती आत गेली. जेवली नाही.

मामा माफीचं पत्र लिहायला बसले. हजारो अर्ज लिहिलेला तो माणूस 'माझी चूक झाली' इथं टिंब देऊन अडला. कागद फाडला, पुन्हा लिहिला, पुन्हा तिथंच अडला. शेवटी टाक माझ्यापुढे केला. "तुमी लिहा. मह्यानं होत नाही."

मी लिहिलं. चुकीबद्दल लिहिलं, त्यांच्या आईबद्दल लिहिलं, शांताबद्दल लिहिलं, वाक्यांना वाक्यं जोडत गेलो, कारण तुटक लिहिलं तर ती माफी न वाटता जबानी वाटली असती. कागद पुढे केला आणि म्हणालो, "वाचून घ्या, मामा."

मामांनी खाली सही केली. "पोरगी तुमाले आपली वाटते ना? मंग काय वाचाचं."

पेटीत टाकण्याआधी मीच ते पत्र दोनदा वाचलं. लग्न झालं, दिवाळीनंतर. मामा आता नाहीत. इतका भरवसा माझ्यावर पुन्हा कुणी टाकला नाही, मी स्वतःसुद्धा नाही.