मुखरूभाऊंनी बुक केलेली विमानशाळा

आमच्या पोंभुर्णा तालुक्यातल्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, कोणतं नाटक आणायचं, हे मुखरूभाऊ ठरवतात. त्यासाठी ते दिवाळीच्या आधीच वडशाला जाऊन येतात. तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं आहेत आणि प्रत्येकापुढं रंगीत पोस्टर. भाऊ पोस्टर पाहतात, मालकाचा आवाज ऐकतात आणि बयाणा देतात. 'हिरोइन आजारी पडू शकते' असं मालक चुकून म्हणाला, की भाऊ उठलेच! ज्याला आपल्याच मालाचा भरवसा नाही, त्याचं नाटक काय पाहायचं? शिवाय पोस्टरवरची हिरोइन खरंच येते. नाही आली तर गाव कंपनीचा ट्रक हलू देत नाही.

त्यांची लेक चंचल बारावीला गणितात चांगली निघाली आणि म्हणाली, "बाबा, मले पायलट व्हायचं हाय." भाऊंनी रस्त्यालगतचं वावर विकलं. आता शाळा निवडायची, आणि निवडण्याच्या कामात भाऊंचा हात धरणारा कोण? बापलेक दोन शाळा पाहून आले.

पहिल्या शाळेचा साहेब उदास चेहऱ्याचा होता. म्हणाला, "पाच विमानं आहेत, त्यातली दोन दुरुस्तीला. पावसाळ्यात उड्डाण फारसं होत नाही. लायसन्स मिळालं तरी मोठ्या विमानाचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि नोकरी लागेलच, असं मी सांगणार नाही."

भाऊ उठले.

"बाबा, तो खरं सांगून राह्यला," चंचल बाहेर आल्यावर म्हणाली.

"म्हणूनच तं! आपल्याच दुकानाची बदनामी करून राह्यला."

दुसऱ्या शाळेच्या दारावर हे भलंमोठं पोस्टर होतं. गणवेशातली हसरी मुलगी, मागं जेट विमान आणि खाली 'शंभर टक्के नोकरी'. मालक छातीवर हात ठेवून बोलला. भाऊंनी तिथल्या तिथं बयाणा दिला. विमानं किती आणि त्यातली चालू किती, हे विचारायचं राहूनच गेलं. वडशात तरी ट्रकचं इंजिन कोण उघडून पाहतं?

चालू विमान एकच होतं आणि त्याच्यामागं पोरांची रांग. दीड वर्षाचं काम तीन वर्षांवर गेलं. लायसन्स हातात आलं तेव्हा एअरलाइन्सची भरती आटली होती. जिथं होती तिथं मोठ्या विमानाचं शिक्षण आधीच घेतलेली पोरं हवी होती. भाऊ शाळेला जाब विचारायला गेले. ट्रक अडवायला गाव लागतं, पण लाजेपायी भाऊ एकट्या लेकीला घेऊन गेले. मालक नम्रपणे म्हणाला, "शंभर टक्के नोकरी म्हणजे शंभर टक्के प्रयत्न, काका." मग त्यानं चहा पाजला आणि चंचलचा गणवेशातला फोटो काढून घेतला.

गावाला यातलं काहीच कळलं नाही. गावानं तर तिचा सत्कार करून टाकला होता. वरून विमान गेलं की बाया हात हलवायच्या, "चंचल चालली पाहा!" आणि भाऊ मान डोलवायचे. पोरगी नागपुरात मोबाइलच्या दुकानात उभी राहत होती; मी तिला तिथं पाहिलं होतं. ती डोलणारी मान पाहिली की मला भाऊंचा राग यायचा.

यंदाच्या मंडईत नदीपलीकडचा लालसू आपल्या लेकीला, रिनाला घेऊन आला. त्याच्या मोबाइलवर त्याच शाळेचं नवं पोस्टर होतं. त्यावर आमची चंचल हसत होती.

"भाऊ, तुमची पारख मोठी. रिनाले इथीच टाकू ना? उद्या बयाणा द्याचा हाय."

आजूबाजूची माणसं कौतुकानं ऐकायला थांबली. सुट्टीवर आलेली चंचल बापाशेजारीच उभी होती. भाऊंनी एकदा तिच्याकडं पाहिलं.

"नोको टाकू," ते म्हणाले. "माही पोट्टी विमान नाई उडवत, दुकानात काम करते. आमी पयले पाहिली त्या शाळेचा साहेब खरं बोलला होता. मीच उठून आलो."

आपलं बुकिंग चुकलं, असं भाऊ जन्मात पहिल्यांदा म्हणाले, तेही भर मंडईत. माझा राग तिथंच गेला.

लालसू मात्र हसला. "काऊन थट्टा करता भाऊ? हा फोटो तं तुमच्याच पोरीचा हाय!"

चंचल पुढं झाली आणि तिनं रिनाच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो माहाच हाय, काका. पण नोकरी त्या फोटोतल्या पोट्टीले लागली. मले नाई लागली."