विसर्जनाच्या हौदातली तालीम

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत, मागच्या बाजूला पंपरूमला टेकून, एक निळा फायबरचा हौद ठेवलेला असतो. बिल्डिंगमधल्या गणपतींचं विसर्जन त्यात होतं. उरलेलं वर्ष तो कोरडा पडून राहतो. माझ्या छातीएवढा उंच आहे. गेल्या हिवाळ्यात एका भर दुपारी मी त्या हौदात उकिडवी बसले होते आणि मला उठता येत नव्हतं.

कारण होतं तुर्कस्तान. नात ठाण्याला नोकरी करते. तिच्या डोक्यात आलं की आजी-आजोबांना कॅपाडोकिया दाखवायचं. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखींनी ओकलेली राख तिथे थराथराने बसली, मग वाऱ्यापावसाने तिचे सुळके कोरले. पहाटे गरम हवेच्या फुग्याला टांगलेल्या टोपलीत उभं राहायचं आणि त्या सुळक्यांवरून तरंगत जायचं. विमानात आम्ही तिघं, फुग्यात मात्र दोघीच. आमच्या ह्यांच्या हृदयात स्टेंट आहे आणि डॉक्टरांनी फुग्याचं नाव काढू दिलं नव्हतं.

हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवसापासून त्यांचा विरोध.

"ज्वालामुखीच बघायचाय ना? शहापूरला चला. माहुलीचा किल्ला म्हणजे दुसरं काय आहे? सगळा लाव्हाच. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी."

माहुलीचं नाव त्यांनी मुद्दाम काढलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत ते मला तिथे घेऊन गेले होते. काय ती बया, तेव्हाची मी! नवी कोरी साडी, केसात अबोली, पायात टाचेच्या चपला. किल्ला चढायला निघाली होती की हळदीकुंकवाला, देव जाणे. माथ्याजवळ लोखंडी शिडी लागते. शिडी बघितल्यावर बाईसाहेबांनी करवंदीची फांदी धरली, ती काही केल्या सोडेनात. "तुम्ही जाऊन या, मी डबा सांभाळते." हे वर गेले. बाईसाहेबांनी खाली बसून डबा इतका चोख सांभाळला की हे उतरेपर्यंत त्यात एकही लाडू उरला नव्हता.

त्या भित्र्या बयेला घेऊन मी आता फुग्यात बसायला निघाले होते.

नात लाडाची असली तरी कडक आहे. "आजी, टोपलीच्या कडेवरून तुलाच आत चढायचंय. उतरताना टोपली जमिनीवर आपटते, कधीकधी आडवीही होते. तेव्हा गुडघे वाकवून, पाठ टेकवून बसायचं. मग उठायचं. तुझा उजवा गुडघा कसा आहे मला माहितीये. आज संध्याकाळपर्यंत बुकिंग रद्द करता येतं. तू मला करून दाखव. नाही जमलं तर दोघींचं कॅन्सल."

"दोघींचं का? तू जा की."

"तुला सोडून? गप गं."

म्हणून हौद. बाहेरून त्याला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आहे, त्यावर पाय देऊन मी चढले. आत उतरायला आधी एक स्टूल टाकून ठेवलं होतं. टोपलीला आतूनही पाय ठेवायला खाचा असतात, त्यामुळे स्टूल चालेल, असं नातीनं ठरवलं. आत हिरव्या बुळबुळीचा वाळलेला पापुद्रा होता आणि कोपऱ्यात दुर्वांची एक जुडी चिकटलेली. मी मनातल्या मनात बाप्पाची माफी मागितली, पाठ टेकवली, वाकले. बसलेसुद्धा.

"मस्त! आता ऊठ."

उजव्या गुडघ्यात काहीतरी अडकलं. दुखलं असतं तर बरं होतं, पण तो नुसता घट्ट झाला, गंजलेल्या बिजागरीसारखा. जोर लावला, पाय थरथरला आणि मी पुन्हा खाली.

"आजी?"

"उठते. घाई काय आहे?"

वर आकाशाचा एक निळा चौकोन आणि त्यात नातीचं तोंड. तिच्या हातात फोन होता. त्यावर बुकिंगचं पान उघडलेलं.

तेवढ्यात चपलांचा आवाज. हे औषधाच्या दुकानातून परत येत होते.

"तुझी आजी कुठाय?"

"हौदात," मीच आतून बोलले.

हे कडेवरून वाकले. चेहरा पांढराफटक. "अगं, गणपती बुडवायचा हौद तो! विसर्जनाच्या हौदात बसून प्रवासाची तयारी करतेस? काही अर्थ?"

"कोरडा आहे अहो."

"थांब, आत येतो. ओढून काढतो."

"हात लावायचा नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. "हात लावलात तर कॅन्सल होईल."

"होऊ दे की!" ह्यांचा आवाज फाटला. "तू तिथे वर लटकणार, मी खाली. टोपली आडवी पडली, तुला असंच उठता आलं नाही, तर मी काय करायचं? लांबून बघत बसायचं?"

इतके दिवस मी समजत होते की ह्यांना माझ्या गुडघ्याची काळजी आहे. ह्यांना खाली थांबायची भीती वाटत होती.

 ह्यांना उत्तर द्यायचं ते गुडघ्यानेच द्यायला हवं होतं. ती करवंदीवाली बया डोळ्यांसमोर आली. ती आता काय करेल? रडेल आणि कोणीतरी काढेल म्हणून वाट बघेल. मी तिच्या उलट करायचं ठरवलं. पाठीच्या जोराने उठायचा नाद सोडला. कुशीवर वळले, दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, देवासमोर डोकं टेकवून उठतो तशी डाव्या गुडघ्यावर आले. मग भिंतीला हात लावत इंचाइंचाने वर. उजवा पाय कटकन वाजला. वर दोघांचाही श्वास थांबल्याचं मला कळलं.

माझं डोकं कडेच्या वर आलं. मग खांदे. स्टूलवर पाय दिला, कड ओलांडली, पट्ट्यांवरून खाली उतरले. ह्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावर हवेत होते. लावले मात्र नाहीत.

नातीनं फोन पर्समध्ये टाकला. "दोघींचं पक्कं," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसायला पंपरूमकडे वळली.

ह्यांनी माझ्या साडीला चिकटलेल्या दुर्वा काढल्या. त्या हौदाच्या कडेवर नीट ठेवल्या.

"दुखतंय?"

"दुखतंय."

"मग रोज हे असं वळून उठायचा सराव कर. निघेपर्यंत. मी समोर उभा राहीन. आणि तुम्ही वर असताना मी खाली काय करायचं, ते सांग."

"डबा सांभाळा," मी म्हटलं. "लाडू देते करून. पण आम्ही उतरेपर्यंत दोन तरी शिल्लक ठेवा."