कुमुदच्या तोंडात उरलेला शब्द

गंगेत गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून पुष्कळ पापं आठवली मी, पण ह्या एकापाशी आले की पटकन डुबकी मारायची. सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं, ह्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते — हसू आलं तर हसा, सुरुवात हसण्यासारखीच आहे.

मुडदे उठले त्या वर्षाची गोष्ट. आम्ही ब्रह्मा घाटावर, गल्लीतल्या घरात तिसऱ्या मजल्यावर. काशीत मेलेल्याला मुक्ती मिळते, मग तो उठेलच कसा? हे बाहेरगावचे असणार! — असा वाद पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर चांगला रंगला होता. वाद घालणारे निम्मे पुढच्या आठवड्यात स्वतःच उठले.

आम्ही दोघं वाचलो ते आमच्या जिन्यामुळे. इतका उभा, की जिवंत माणूस चढताना रामराम म्हणतो. मेलेल्यांचं काय! एखादा चिवट निघालाच तर मी वरून वरवंटा सोडायची. मी सातारची, नेम चांगला. हे मात्र आधी हात जोडून त्याची क्षमा मागणार, मग मला म्हणणार, "हं, सोड." वरवंटा दोरीला बांधलेला, परत ओढून घ्यायचा. चटणीला दुसरा होता हो — तेवढं सोवळं पाळलं मी.

रेल्वेतून रिटायर झालेला नवरा आणि मी, महिनोन्‌महिने घरात कोंडलेले. खरं सांगू? सुखाचे दिवस होते. जन्मात पहिल्यांदा हे फक्त माझे होते.

मग कुमुद आली.

कुमुद समोरच्या घरातली. मुलींना गाणं शिकवायची, लग्न केलं नाही. ती आणि हे लहानपणापासून एका गल्लीत वाढलेले, म्हणून ती ह्यांना नावानं हाक मारायची. भर गल्लीत! मी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं, ते शेवटचं. पुढं सगळा जन्म 'अहो' नाहीतर 'ऐकलंत का'. आणि ही बया सज्जातून बिनदिक्कत नाव घेऊन ओरडणार, रेडिओ बारीक कर रे! हेही लगेच करायचे. मी सांगितलं तर ऐकू यायचं नाही. त्यांच्यात तसलं काही होतं का? नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. म्हणून काय झालं — जळायला काही असावंच लागतं का?

त्या साथीत कुमुदही गेली, आणि उठली. बाकीचे नुसते घुरघुरायचे. ही आमच्या खिडकीखाली उभी राहून, वर बघून, ह्यांचं नाव घ्यायची. एवढंच. अंबाडा सुटलेला, पदर चिखलात, पण नाव मात्र सुरात! ह्यांचे डोळे भरून यायचे. टोपलीतून तिला गूळ लावलेली पोळी सोडायचे. "अहो, त्यांना पोळीची भूक नसते," मी म्हणायची. "असू दे," म्हणायचे. मेलेल्या बाईचा मत्सर — ऐकलाय कधी? मी केला.

पुढं सरकारी माणसांच्या होड्या आल्या. भोंग्यावरून सांगत फिरायचे, की औषध सापडलंय. ज्याच्या तोंडात एक तरी शब्द शिल्लक आहे तो माणसात येतो. ज्याच्या नाही, त्याला अग्नी. खरंच होतं ते. आमच्या नाक्यावरचा पानवाला नुसता "चूना? चूना?" करत हिंडायचा. त्याला नेलं, आणि तो परत दुकानात बसून पान लावताना मी डोळ्यांनी पाहिला.

ते लोक आमच्या गल्लीत शिरले त्या दिवशी हे तापानं फणफणून आतल्या खोलीत पडले होते. कुमुदला दोरानं धरलेलं. त्या घडीला ती गप्प. एकानं वर बघून विचारलं, "माताजी, ई कुछ बोलती हैं?"

काय सांगायचं होतं मला? नंतर मी मनाशी म्हणायची, तिचा शब्द सांगायचा तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं, कसं घेणार? बरं वाटायचं तेवढ्यानं. पण ते खोटं आहे. नुसती मान डोलावली असती तरी पुरत होतं.

"नहीं भैया," मी म्हटलं. "कभी कुछ नहीं बोलीं."

तिला वळवून नेलं. कोपऱ्यावर गेल्यावर तिनं हाक मारली — तीच. भोंगा बडबडत होता, त्यांना ऐकू गेली नाही. मला गेली.

आतून हे म्हणाले, "कुणी हाक मारली का गं?"

"कुणी नाही. पडा तुम्ही."

आणि मी खिडकी लावून घेतली.

तिला कोणी नव्हतं, म्हणून बरे झाल्यावर दहावं ह्यांनीच केलं, पंचगंगेवर. पिंडाला कावळा शिवेना. तिची काय इच्छा राहिली असेल, म्हणून हे हात जोडून एकेक कबूल करत होते — तानपुरा नीट ठेवू, मुलींची शिकवणी चालू ठेवू, घराला कुलूप लावणार नाही. कावळे समोर बसलेले. एक हलेना. हे रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळले, "तुला काही सुचतंय का?"

तिची इच्छा काय राहिली होती? जगायची. मला ठाऊक होतं.

"नाही बाई," मी म्हटलं. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. दर्भ मीच काढून दिला.