दाराबाहेरची बाई

सुमिए हातानाकाने उभी हयात दुसऱ्याच्या चित्रकथेत काळोख भरण्यात घालवली. तोक्योतल्या नेरिमा भागात तिचं दोन खोल्यांचं घर. मालिकेवर नाव सेन्सेईंचं, म्हणजे तिच्या चित्रकार गुरूंचं. राक्षसांचे किल्ले, जळकी गावं, तलवारींवरचं रक्त मात्र सुमिएच्या टाकातून उतरलेलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. मदतनिसाचं नाव कुठे छापून येतं?

पण त्या मालिकेतली राखआई ही राक्षसीण तिची होती. सेन्सेई तापाने फणफणले होते, अंक छपाईला जायचा होता. ते म्हणाले, "या चौकटीत काहीतरी भीतीदायक काढ." सुमिएने आपली आई काढली. पाठीशी पोर बांधून ती पाचिंकोच्या जुगारअड्ड्याबाहेर नवऱ्याची वाट बघत थिजलेली असायची आणि आत नवरा त्या खणखणत्या यंत्रात लोखंडी गोळ्या ओतत पगार उडवायचा. पाठीवरचं पोर म्हणजे सुमिए. तिने फक्त डोळ्यांच्या जागी निखारे ठेवले.

नायक राहिला बाजूला, राखआईच लोकांना भावली. टीव्हीवर ॲनिमे आला, व्हिडिओ गेम आले, बाहुल्या, नाटक, तिच्या डोळ्यांच्या रंगाचं सरबतसुद्धा. सुमिएने एकच मागितलं होतं: काहीही विका, पण तिच्या चित्राचं पाचिंको यंत्र बाजारात आणू नका. सेन्सेईंनी शब्द दिला, प्रकाशन कंपनीने मान डोलावली. मग सेन्सेई गेले आणि त्यांच्याबरोबर शब्दही जळाला. मेलेल्याच्या शब्दाला कोण विचारतो!

एका दुपारी सुमिए मुळा घेऊन घरी आली, तर तिचे वडील तोकुजी चहाबरोबर एका नव्या पेटीतली गोड वडी कापत बसलेले. ज्याच्यापायी आई झिजली, तो म्हातारा आता लेकीच्याच घरी, तिच्याच हातचं जेवत होता.

"कुणी दिली ही पेटी?"

"तुझ्या कंपनीचे सेगावा आले होते. काय वाकला गं तो माणूस! मीही वाकलो आणि घेतली. नामी दुकानातली आहे हं."

"माफीची पेटी घेतलीत? घेतली म्हणजे माफ केलं, हे आता मी तुम्हाला शिकवू? वर सुरीही चालवलीत!"

"दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"आई दारात उभी असायची, तेव्हा बरं जमायचं!"

पेटीबरोबर नव्या पाचिंको यंत्राचं चकचकीत पत्रक होतं, त्यावर राखआई. सुमिएने ते म्हाताऱ्यापुढे आपटलं. "बघा, कशाची माफी ते."

त्याने लेकीची चित्रकथा कधी उघडूनही पाहिली नव्हती. चष्मा लावून तो बघत राहिला. मग अंगठ्याने त्याने ते निखारे झाकले.

"ही तर कियो."

"हो. आई."

"पण ती कधी आत आली नाही, पोरी. कितीदा म्हटलं, थंडीत मरू नकोस, आत ये. शेवटपर्यंत पाय ठेवला नाही तिने." त्याने पत्रकावर बोट ठेवलं. "हिला आत कोणी नेलं?"

"ज्याला आत्ता वाकून नमस्कार केलात ना, त्याने."

सुमिएला त्याची दया आली नाही. येऊ नये असंच तिला वाटत होतं. त्याने उष्टी वडी पेटीत परत ठेवली, झाकण लावलं आणि उंबऱ्याशी बसून बुटात पाय कोंबू लागला.

"तुम्ही कुठे निघालात? गुडघे बघा."

"मी घेतली. परतही मीच देणार."

उघडून खाल्लेली पेटी परत करणं म्हणजे परत करणाऱ्याचीच लाज. तरी सुमिएने ती तशीच फडक्यात बांधली आणि त्याच्याबरोबर निघाली.

कंपनीच्या दाराशी स्वागतकक्षातली मुलगी धावत आली. "आजोबा, थंडी आहे. आत येऊन बसा ना."

"आम्ही आत येत नाही," तोकुजी म्हणाला. "त्या सेगावाला बाहेर बोलाव."

आणि बापलेक दाराबाहेर उभे राहिले.