केपटाऊनचा जबाब

कुलसुम दाभोळच्या खाडीकाठची. निकाहाला वर्ष व्हायच्या आत तिचा घोव अमीन केपटाऊनला गेला. आमच्या खाडीवरची मुसलमान माणसं आज्यापणज्यांपासून तिकडे जातात, तसा तोही. बाकीचे परत आले, नाहीतर बायका घेऊन गेले. ह्याने दोन्ही केलं नाही. धाडलेल्या पत्रांना जबाब नाही. जनावर दाव्याला बांधायचं आणि वैरण घालायची नाही, त्यातली गत. शेवटी भाऊ बाबामियाँने तिला ओमानात, अल हैलला आणली आणि शाळेच्या बसवर आया म्हणून चिकटवली. लोकांच्या पोरांची नाकं पुसता पुसता चाळिशी आली.

ओमानातच सहम गावी शरीफचं कपड्याचं दुकान होतं. बायको वारलेली, माणूस सरळ. जुम्म्याला बाबामियाँकडे जेवायला यायचा आणि कुलसुमच्या हातचं जेवून वर नावं ठेवायचा.

"मीठ महाग झालाय काय गो?"

"मीठ सस्ताच हाय. तुमची जीभ म्हातारी झाली."

त्याने निकाहाचं विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही. पण गावच्या काझीने अडवलं. आधी नवऱ्याचा जबाब आणा, नांदवतो की सोडतो.

२००४ साली शाळेने केपटाऊनच्या एका शाळेशी दोस्ती जोडली. तिकडे जाणाऱ्या पोरांत बाबामियाँची लेक उमामा होती. पोरांनी राहायचं तिथल्या मुलांच्या घरी, आणि उमामाला घर मिळालं ते कोकणी माणसाचंच. कुलसुमने तिला स्वयंपाकघरात धरली.

"फुफा गावला तर इतकाच इचार, नांदवतो का सोडतो. बाकी हालहवाल नको."

"फुफी, नांदवतो मीन्स?"

"बायको म्हणून ठेवतो का. आता पाठ कर."

पोरीने परीक्षेला बसल्यासारखं घोकलं.

परतली ती हसतच. तिथल्या यजमानांनी एका फोनात अमीनला शोधला होता.

"फुफा सो स्वीट आहे. मला गाडीत फिरवलं. त्याची छोटी बेबी पण होती. मी सगळं विचारलं, फुफी. तो रडला. मग बोलला, तिला सांग, मी येतो. घ्यायला येतो."

"कधी?"

"इन्शाल्ला बोलला."

"सोडतो नाय बोलला?"

"नो, फुफी. प्रॉमिस."

पोरीला वाटलं, आपण फुफीला धीर देतोय. बाबामियाँने तर हलवा आणवला, शेजारीपाजारी वाटला.

जुम्म्याला शरीफ आला, त्याच्याही हातावर हलवा ठेवला. त्याने खाल्ला नाही. "मग आता माझा काय काम? बाईचा घरधनी येतोय."

कुलसुम दारात आली. "तो यायचा नाय. त्याचा तिकडे दुसरा घर हाय, लेकरू हाय. शरीफभाय, मी सांगतंय तुमाला."

"नसेल यायचा," शरीफ म्हणाला. "पण ठेवतो बोललाय ना? दुसऱ्याच्या बायकोच्या हातचा जेवायला मी आता कुठल्या तोंडाने येऊ?"

तो उठला. बाबामियाँने त्याला अडवलं नाही, बहिणीकडेही बघितलं नाही. पुढच्या सुट्टीत शरीफ म्हसळ्याला जाऊन निकाह करून आला.

अमीन आला नाही. बाबामियाँ मात्र दर ईदला सांगतो, "औंदा येल बघ." आधी तिला नवऱ्याचं कोणी विचारत नव्हतं. आता सगळे विचारतात. बसचा ड्रायव्हरसुद्धा.

"कुलसुमबी, मियाँ कब आ रहे हैं?"

"सामने देख के चला," ती म्हणते.