दाराबाहेरच्या चपला

क्रांती चौकात कूलरच्या वाळ्याचा वास आला, की मला आपल्या शहरातलं एक जुनं बडं हॉटेल आठवतं. अजिंठा पाहायला आलेले गोरे साहेब तिथं उतरायचे. उन्हाळ्यात दारांवर वाळ्याच्या ओल्या ताट्या असायच्या. आता तिथं दुकानं आहेत.

निजामी राजवट संपवणाऱ्या पोलिस अॅक्शननंतरची वर्षं. नवं लग्न, यांनी मला तिथं चहाला नेलं. मी खेड्यातली, सोयगावची. गालिचा दिसला आणि मी चपला दाराबाहेर काढल्या. लोक हसले. यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात म्हाताऱ्या बेअऱ्यानं आपले चकचकीत बूट माझ्या चपलांशेजारी काढून ठेवले. म्हणाला, "बेटी घर समझको आयी, साब."

चहा त्यानं अनवाणीच आणला. मग यांनीही बूट काढले. आमचा संसार मी तिथून मोजते.