नेलिदाबाईंची सरी

मी ग्रेगोरिया, शाळेत पोरांचा नाश्ता शिजवते. पेरू देशातल्या पुनो शहराच्या वर, डोंगरात आमचं गाव. पाच वर्षांत चार मास्तर आले नि पळाले. पाचवी ही नेलिदाबाई. शहरातली, बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी.

मार्चमध्ये शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशी पोरांच्या आयांनी तिला उकडलेले बटाटे नेऊन दिले. तर ही म्हणते, "नको हो, तुम्हालाच लागतील," आणि सगळे परत! तिला बिचारीला दया आली होती. पण आमच्याकडे हातचं खाल्लं नाही म्हणजे माणूस टिकणार नाही. झालं! आयांनी पोरांना बजावलं, हिला जीव लावू नका, हीसुद्धा जाणार. चौदा पोरं वर्गात मुकी. बाई गाणी म्हणायची, चित्रं काढायची, नि माझ्या चुलीपाशी येऊन रडायची. "मावशी, मला शिकवताच येत नाही हो." मला कळत होतं, तरी मी गप्प. माझंच चुकलं.

मे महिन्यात एका सोमवारी वर्ग रिकामा. बाई पिशवी भरूनच आली. "दुपारच्या ट्रकने जाते. पोरांनी मला टाकलं."

"अगं बये, बटाट्याची काढणी आहे! सगळी शेतात आहेत. आणि टाकलं म्हणतेस, तर बटाटे परत कुणी केले?" मग मी सगळं सांगून टाकलं.

तिचा चेहरा उतरला. "निदान निरोप तरी घेते."

शेतात तापलेल्या ढेकळांखाली बटाटे भाजत होते. बाई पिशवी घेऊन उभी. वर्गात कधी तोंड न उघडलेली यानेत उठली, एक काळा बटाटा उकरून तिच्यापुढे धरला. बाईने सालीसकट खाल्ला. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी. "अजून आहे का गं?"

आया खो खो हसल्या. तेवढ्यात खालून ट्रकचा भोंगा.

"बाई, जाणार?" यानेतने विचारलं.

बाईने पिशवी बांधावर ठेवली नि कुदळ मागितली. त्या दिवसापासून पोरं वर्गात इतकी बोलायला लागली की मला चुलीपाशी ऐकू यायचं.

नोव्हेंबरात बटाट्याच्या लागवडीला यानेतच्या आईने बाईला आपल्या शेतातली एक सरी दिली. राहणाऱ्यालाच देतो आम्ही.

"काढणी पुढच्या मेमध्ये, बाई. असाल ना?" यानेतच्या आईने विचारलं.

"म्हणजे काय! माझे बटाटे दुसऱ्याला खाऊ देईन होय?"